सदतीस नंबरच्या बाई तक्त्यात नाहीत

तपशीलरावांच्या तोंडून ते वाक्य निसटलं तेव्हा बैठकीच्या खोलीत पंखा सोडून कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"एका दिवसात करून देतो," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. मोठ्या बाई म्हणजे रुग्णालयाच्या संशोधन विभागाच्या प्रमुख डॉक्टर. उंचीने बेताच्याच, पण त्या चष्मा काढून बघू लागल्या की समोरचा आपोआप खुर्चीत खाली सरके. त्यांनी विचारलं होतं ते साधंच होतं. औषधचाचणीतल्या एकसष्ट रुग्णांचा गोषवारा पुढच्या शुक्रवारी समितीपुढे ठेवायचाय, किती दिवस लागतील? गेली बावीस वर्षं ह्या प्रश्नाला तपशीलराव "तीन आठवडे" असं उत्तर देत आणि चौथ्या आठवड्यात काम हातावेगळं करत. चार रंगांच्या पेन्सिली, हाताने आखलेले कागद, आणि प्रत्येक बेरीज दोनदा, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. ह्या सवयीपायीच विभागाने त्यांना तपशीलराव म्हणायला सुरुवात केली होती, आणि त्यांनीही ते नाव चिडवण्यासारखं न घेता पदवीसारखं घेतलं होतं.

पण आदल्या आठवड्यात ते एका व्याख्यानाला जाऊन बसले होते, आणि तिथे घात झाला. वक्त्याने पडद्यावर 'आर' नावाची संगणकाची एक भाषा उघडली. तिच्यात एक पॅकेज घातलं, म्हणजे तयार आज्ञांचं बांधलेलं गाठोडंच म्हणा ना. मग तीन ओळी लिहिल्या. आणि नऊशे रुग्णांचं वय, वजन, आजार, किती बरे झाले, किती नाही, सगळं एका पानावर रांगेत येऊन उभं राहिलं. बाकीची मंडळी टाळ्या वाजवून चहाला गेली. तपशीलराव जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. एका ओळीचं दोन-दोन तास निरूपण करून ऐकणाऱ्याला देवाच्या पायाशी नेऊन सोडणारी माणसं त्यांनी पाहिली होती. पण नऊशे माणसांना अलगद उचलून एका ओळीत बसवणारं हे उलटं निरूपण ते जन्मात पहिल्यांदाच पाहत होते. असं काही पाहिलं की भल्या माणसाच्या तोंडाला कुलूप राहत नाही. बैठकीत ते उघडलं.

पुढे जाण्याआधी ही चाचणी काय होती ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच उभं आहे. ज्यांचा हात थरथर कापतो अशा माणसांसाठी एक नवी गोळी निघाली होती. एकसष्ट रुग्णांपैकी निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कुणाला कुठली, हे रुग्णालाही ठाऊक नाही, सिस्टरलाही नाही आणि मोठ्या बाईंनाही नाही. ते गुपित एका कुलूपबंद कपाटात होतं आणि त्याची किल्ली दुसऱ्याच इमारतीत. वर्षभरात प्रत्येकाने सहा वेळा यायचं, सिस्टरसमोर बसायचं आणि कोऱ्या कागदावर बाहेरून आत गोल गोल फिरत जाणारी एक रेघ काढायची. रुग्ण तिला गोगलगाय म्हणत. रेघ किती थरथरली त्याला शून्य ते दहा असे गुण. शुक्रवारची समिती तक्ता पाहून ठरवणार, की दुसरं वर्ष चालू करायचं की नाही. चालू झालं, तर यादीतल्या रुग्णांना त्याच दिवशी पुढच्या गोळ्या मिळणार. हातातल्या गोळ्या सगळ्यांच्याच रविवारी संपत होत्या.

तर पॅकेज आणायचं. ते संगणक विभागाच्या परवानगीशिवाय येत नव्हतं आणि परवानगी अर्जाशिवाय मिळत नव्हती. अर्जात एक रकाना होता, 'विक्रेत्याचे नाव व पत्ता'. तपशीलरावांनी तिथे 'विक्रेता नाही' असं लिहिलं. संगणकप्रमुखांनी अर्ज परत केला. वस्तू आहे म्हणजे ती देणारा कुणीतरी असणारच, असं त्यांचं म्हणणं. तपशीलरावांनी समजावलं की हे कुणी विकत नाही, जगभरातल्या माणसांनी आपापल्या फावल्या वेळात हे लिहिलं आणि सगळ्यांसाठी ठेवून दिलं. संगणकप्रमुखांनी पाठीमागे टेकून विचार केला. बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? तीच माणसं. पैसे न घेता? न घेता. मग संगणकप्रमुखांनी आवाज खाली आणून सांगितलं, की त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असला प्रकार ऐकलेला नाही आणि ह्यात नक्की काहीतरी भानगड आहे.

त्या संध्याकाळी तपशीलराव ती नावं छापून घरी घेऊन आले. शंभरावर होती. जेवणं झाल्यावर त्यांनी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. अर्धी नावं त्यांना उच्चारता येत नव्हती, पण त्यांनी एकही सोडलं नाही. बायको दुधाचं भांडं घासत ऐकत होती. ह्या लोकांना घरी काही कामं नसतात का, असं तिने मधे एकदा विचारलं. यादी संपली तेव्हा तिने नळ बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

"अहो, पहिल्यापासून वाचा परत," ती म्हणाली. "पाण्याच्या आवाजात काही नावं गेली."

दुसऱ्या दिवशी तपशीलरावांनी विक्रेत्याच्या रकान्यात लिहिलं, 'सज्जन मंडळी'. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, 'सर्वत्र'. एकही रकाना आता रिकामा नाही, हे पाहून संगणकप्रमुखांनी समाधानाने शिक्का मारला.

आणि मग आला तो क्षण. दार लावून, चष्मा पुसून, मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन तपशीलरावांनी तीन ओळी लिहिल्या आणि बोट खाली नेलं. पापणी लवायच्या आत तक्ता हजर. काय ते रकाने, काय त्या ओळी, आकडे एकाखाली एक असे उभे, की जणू कुणी दोरी लावून उभे केलेत. बावीस वर्षांत त्यांच्या हातून इतकी सरळ रेघ निघाली नव्हती. त्यांनी एक प्रत छापली, ती अजून सुकायची आहे अशा बेताने दोन्ही हातांत धरली आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवली.

मोठ्या बाई बराच वेळ वाचत राहिल्या.

"तपशीलराव, आपल्या बाहेरच्या खोलीत बाकं चार," त्या म्हणाल्या. "हे तीनशे सहासष्ट रुग्ण आपण वर्षभर बसवले कुठे?"

तपशीलरावांनी कागद उलटा करून पाहिला, जणू उरलेले मागच्या बाजूला उभे असावेत. झालं होतं ते असं. सिस्टर प्रत्येक भेटीची वेगळी ओळ लिहीत. एकसष्ट माणसं, सहा भेटी. यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं की तोच माणूस सहा वेळा आलाय. त्याने प्रत्येक भेटीला नवा माणूस धरलं. तसं पाहिलं तर पहिल्या भेटीला पाण्याचा पेला सांडणारा आणि सहाव्या भेटीला तोच पेला ओठाला लावणारा, हा एकच माणूस म्हणायचा का, हा प्रश्न तपशीलरावांना नंतर जिना उतरताना पडला, आणि तो अगदीच वेडगळ होता असंही नाही. पण परत वर जाऊन त्यांनी तो मोठ्या बाईंसमोर काढला नाही.

एक दिवस तिथेच संपला. म्हणजे दिलेला शब्दही संपला.

मंगळवारी त्यांनी एका माणसाची एकच ओळ केली. एकसष्ट बरोबर आले. तपशीलराव खूश. मग त्यांची नजर पहिल्याच रकान्यावर गेली. सरासरी वय, एकशे दहा. त्यांनी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. एकशे दहाच. शेवटी सिस्टरला बोलावलं. सिस्टर ह्या विभागात तपशीलरावांच्याही आधीपासून होत्या, प्रत्येक रुग्णाच्या नातवंडांपर्यंतची माहिती त्यांना तोंडपाठ होती, आणि त्या कुणाला भीत नसत. त्यांनी शांतपणे सांगितलं की तीन जणांना आपलं वय माहीत नव्हतं, तिथे त्यांनी नऊशे नव्व्याण्णव लिहिलंय. पूर्वीपासून तसंच लिहितात. कागदावर वाचणाऱ्याला कळतं की माणूस नऊशे नव्व्याण्णव वर्षांचा नसतो.

"मशीनला कळत नाही, सिस्टर."

"मग त्याला सांगायला हवं होतं तुम्ही. तुम्ही त्याची ओळख करून घेतली, त्याला आमची करून दिली नाही."

सिस्टरनी तिघांना फोन लावले. दोघांच्या मुलांनी कागदपत्रं पाहून वय सांगितलं. तिसऱ्या आजोबांनी उलट विचारलं, की तुम्हाला किती हवंय. ते त्यांच्या धाकट्या बहिणीच्या जन्मदाखल्यावरून काढावं लागलं. सरासरी चौसष्टवर उतरली आणि तपशीलरावांचा श्वास जाग्यावर आला.

बुधवारचा तक्ता मात्र खरोखर देखणा होता. एकच खोट. अगदी खाली, गोगलगायीच्या गुणांच्या ओळीखाली, यंत्राने स्वतःहून एक बारीकशी ओळ घातली होती: 'अज्ञात: १'.

कुणा एकाच्या गुणांचा रकाना सहाही भेटींत रिकामा होता. इतकंच. पण तपशीलरावांना ती ओळ दुधातल्या केसासारखी खुपू लागली. बावीस वर्षांत त्यांच्या कागदावर 'अज्ञात' हा शब्द कधी आला नव्हता. समितीत बाहेरचे पाच विद्वान येणार, ते तक्ता हातात घेणार, आणि खाली पाहून म्हणणार, तपशीलराव म्हणवून घेता आणि तुम्हाला अज्ञात? वर मोठ्या बाईंनी तीनशे सहासष्टांचा किस्सा एव्हाना जेवणाच्या सुट्टीत दोघा-तिघांना सांगितलेला. जखम ओली होती.

संध्याकाळी ते गॅलरीत उभे असताना शेजारचे नियंत्रकसाहेब आपल्या गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. हे गृहस्थ परीक्षा विभागातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं लाखो मुलांचे निकाल त्यांनी लावले, आणि निवृत्तीनंतर लावायला काही उरलं नाही म्हणून शेजाऱ्यांच्या अडचणींचे निकाल लावत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग झारी खाली ठेवून असा सल्ला दिला, की अपूर्ण उत्तरपत्रिका आपण कधी निकालात घेतली नाही. बाजूला काढायची, गठ्ठा बांधायचा, निकाल वेळेवर लावायचा. अर्धवट माणसासाठी पूर्ण माणसांनी का थांबायचं? शिवाय एकसष्ट हा आकडाच कसा वेडावाकडा दिसतो. साठ पाहा, कसा भरदार वाटतो.

शेवटचा मुद्दा तपशीलरावांच्या मनात जाऊन बसला. सकाळी शोधलं तर अपूर्ण ओळी झाडून टाकणारी आज्ञाही त्या गाठोड्यात निघाली. एका शब्दाची. देणाऱ्यांनी ती चांगल्यासाठीच ठेवली असणार. आपण घरात केरसुणी ठेवतो ती केरासाठी. कुणी पाहुण्यावर चालवली तर केरसुणीचा काय दोष? तपशीलरावांनी तो शब्द लिहिला. 'अज्ञात' गेलं. एकूण रुग्ण, साठ. स्त्रिया बत्तीस, पुरुष अठ्ठावीस. तक्ता असा लखलखीत दिसू लागला की त्यांनी तो खुर्ची मागे सरकवून लांबून पाहिला.

मग त्याखालचं प्रतिज्ञापत्र आलं. 'सदर तक्त्यात सर्व रुग्णांचा समावेश आहे.' दूधवाल्याचं बिलही दोनदा वाचणाऱ्या ह्या माणसाने ते एकदाही न वाचता सही ठोकली. मोठ्या बाईंनी तक्ता पाहिला, चष्मा काढलाच नाही, आणि म्हणाल्या, "सुंदर." बावीस वर्षांत पहिल्यांदा. औषधभांडाराकडे जाणारी पुढच्या वर्षाची यादीही त्याच साठांवरून छापून खाली गेली. त्या दिवशी तपशीलराव घरी चालत गेले आणि वाटेत अनोळखी माणसांकडे पाहून हसले.

शुक्रवारी समिती अकराला होती. दहा वाजता त्यांच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आसपासच्या, किडकिडीत, खांद्यावर कापडाची पिशवी, आणि गळ्यात मोजमापाची फीत तशीच राहून गेलेली. त्यांनी सांगितलं की त्या सदतीस नंबर. समितीचं ठरलं की लगेच गोळ्या घेऊन जाव्यात, दुकान जास्त वेळ बंद ठेवायला नको, म्हणून जरा आधीच येऊन बसल्या. तर भांडारवाले म्हणतात नाव यादीत नाही, वर विचारा.

तपशीलरावांनी यादी काढली. छत्तीस होता. अडतीस होता. त्यांनी यादी वरून खाली पाहिली आणि खालून वर पाहिली.

"बाई, सदतीस नंबर नाही आमच्याकडे," ते म्हणाले.

"नाही कसा? मी वर्षभर येतेय."

"येत असाल. पण तक्त्यात नाही आहात."

"भाऊ, मी तुमच्या दारात उभी आहे."

"ते दिसतंय मला. पण तक्ता समितीकडे गेलाय, त्यावर सही झालीय, आणि तक्त्याप्रमाणे—" इथे तपशीलरावांचं वाक्य अडलं, कारण तक्त्याप्रमाणे ह्या बाईंचं काय झालं होतं ते त्यांना एकदम आठवलं. काल सकाळचा तो एक शब्द आठवला. लिहिताना बोटांना तो किती हलका लागला होता, तेही आठवलं.

बाई शांतपणे म्हणाल्या की रविवारी गोळ्या संपतात. पुढच्या महिन्यात चाळीस गणवेश शिवून द्यायचेत. यादीत नसेन तर तसं सांगा, म्हणजे मी कापड परत करते, पोरांचा खोळंबा नको.

तेवढ्यात सिस्टर आल्या. काय चाललंय ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि तपशीलरावांना तीही दिली नाही. त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या भेटीला ह्या बाईंनी गोगलगाय काढायला साफ नकार दिला होता. म्हणाल्या, मी शिवणारी बाई, मला असल्या गोगलगायींचा काय उपयोग? माझा हात बघायचा तर मला सुई-दोरा द्या. आता चाचणीच्या नियमात सुई कुठे आली? गुण तर देता येईनात. सिस्टरनी त्यावर आपल्या पद्धतीने तोड काढली. सहाही वेळा गुणांचा रकाना रिकामा ठेवला, आणि काय घडलं ते शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.

"शेरा वाचलात का तुम्ही?" सिस्टरनी विचारलं.

शेऱ्याचा रकाना पॅकेजने मोजला नव्हता, कारण तो मोजता येत नाही. आणि तपशीलरावांनी वाचला नव्हता, कारण पॅकेजने मोजला नव्हता. त्यांनी मूळ नोंद उघडली आणि सदतीस नंबरच्या सहा ओळी काढल्या.

पहिली भेट: सुई ओवता आली नाही. रडल्या.

दुसरी भेट: ओवता आली नाही. रडल्या नाहीत.

तिसरी भेट: दोरा नेढ्याला दोनदा लागला. मला म्हणाल्या, तुम्ही श्वास रोखू नका, मला टेन्शन येतं.

चौथी भेट: अकराव्या वेळेला ओवली. दोरा लगेच निसटला.

पाचवी भेट: चौथ्या वेळेला ओवली. दोरा राहिला.

सहावी भेट: पहिल्या वेळेला. माझ्या बाहीचं बटण लावून दिलं.

तपशीलराव पडद्याकडे पाहत राहिले. नऊशे माणसं एका ओळीत बसली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आता एक माणूस सहा ओळींत उभा राहिला आणि त्यांना धड पाहताही येईना. गोळी खरी होती की आत काही नसलेली, हे ह्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. किल्ली दुसऱ्या इमारतीत होती. पण तो दोरा त्या एवढ्याशा भोकातून पलीकडे गेला होता, आणि हे जगात घडत असताना आपण आपलं पान स्वच्छ दिसावं म्हणून ते झाडून बाहेर टाकलं होतं. त्यांनी सिस्टरच्या बाहीकडे पाहिलं. बटण घट्ट होतं.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी ते संगणक विभागात दुरुस्तीचा अर्ज मागत होते. सही झालेला तक्ता परत घ्यायचा तर हा अर्ज लागे, आणि त्यावर 'दोषाचे स्वरूप' ह्याखाली तीन चौकटी: यंत्रातील दोष, छपाईतील दोष, इतर. संगणकप्रमुखांनी आपलेपणाने सल्ला दिला, की पहिल्या चौकटीत खूण करा. सगळे तेच करतात. कुणाच्या नावावर काही येत नाही, आणि यंत्र काही भांडायला येत नाही. फार तर लिहा, की फुकटच्या मालाचं असंच असतं.

तपशीलरावांनी पेन टेकवलंसुद्धा. खरं सांगायचं तर मोह झाला. कालचं 'सुंदर' अजून कानात होतं. पण हात पुढे जाईना. ज्या माणसांची नावं आपण घरी दोनदा मोठ्याने वाचली, ज्यांनी ओळख ना पाळख, मागितलं नसताना दिलं, त्यांच्या अंगावर आपला केर लोटायचा? आणि त्यांच्या यंत्राने तर सांगितलं होतं. आपल्याहून प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की एक माणूस मला कळलेला नाही. त्यांनी तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि पुढे लिहिलं, 'चूक माझी.'

संगणकप्रमुखांनी अर्ज परत सरकवला. कारण किमान दहा शब्दांत हवं, असा नियम होता.

तपशीलरावांनी लिहिलं, 'तक्ता सुंदर दिसावा म्हणून मी एका बाईंना बाहेर काढलं. चूक माझी.'

संगणकप्रमुखांनी बोटावर मोजलं. "अकरा. चालेल," ते म्हणाले. आणि शिक्का उचलता उचलता थांबून त्यांनी ते पुन्हा एकदा, न मोजता वाचलं.

समितीच्या खोलीत तपशीलराव शिरले तेव्हा पाचही विद्वानांच्या हातात साठांचा तक्ता होता आणि मोठ्या बाई त्याबद्दल दोन चांगले शब्द बोलत होत्या. तपशीलरावांनी दारातूनच सांगितलं की तो परत द्यावा लागेल. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. तपशीलराव खाली सरकले नाहीत, कारण त्यांना खुर्चीच मिळाली नव्हती. त्यांनी नवा तक्ता सगळ्यांपुढे ठेवला. एकूण रुग्ण एकसष्ट. आणि खाली, जिथे यंत्राने पहिल्यांदा घातली होती तिथेच, 'अज्ञात: १'. काल काय केलं ते त्यांनी सांगितलं. प्रतिज्ञापत्राचंही सांगितलं.

अध्यक्ष एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि बोट फिरवत खालपर्यंत आले. गुण तेच, सरासरी तीच, निष्कर्ष तोच.

"एका रुग्णाने काहीच फरक पडत नाहीये," ते म्हणाले.

"सरासरीला नाही पडत, साहेब," तपशीलराव म्हणाले. "बाईंना पडतो."

मग त्यांनी सुईचं सांगितलं. सहा ओळी वाचून दाखवल्या. सुईचे गुण करता येणार नाहीत, ते आपण केलेले नाहीत, करूही नयेत, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. गुणांच्या जागी अज्ञातच राहू दे. फक्त माणसांच्या मोजणीत माणूस हवा. चौथी भेट वाचताना एका विद्वानाने पुढचं ऐकण्यासाठी कागद खाली ठेवला, आणि सहावी वाचून झाली तेव्हा खोलीत कुणीतरी रोखलेला श्वास सोडला. तो मोठ्या बाईंचा होता, असं तपशीलरावांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं, पण विचारायचं धाडस झालं नाही.

अध्यक्षांनी जुना तक्ता दुमडून परत दिला. नवा ठेवून घेतला. 'अज्ञात' ह्या शब्दापाशी त्यांनी पेन्सिलीने एक छोटी खूण केली आणि बाजूला लिहिलं, 'शेरा पाहावा'. दुसरं वर्ष मंजूर झालं. यादी एकसष्टांची. तपशीलरावांच्या सेवापुस्तकात एक लेखी समज जाईल, असं मोठ्या बाईंनी जाता जाता सांगितलं, आणि तो मजकूर त्या स्वतः लिहितील, फार लांब होणार नाही, असंही म्हणाल्या.

नवी यादी घेऊन तपशीलराव स्वतः जिना उतरले. शिपायाकडे द्यावी असं त्यांना वाटलं नाही. भांडाराच्या खिडकीसमोरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. वाट पाहताना वेळ जावा म्हणून त्यांनी पिशवीतून एक अर्धा गणवेश काढला होता आणि त्याच्या खिशाला टीप घालत होत्या. त्यांची बोटं चालत होती, थांबत होती, एखाद्या टाक्याला थरथरत होती आणि पुन्हा चालत होती. तपशीलराव तिथेच उभे राहिले. टाका संपेपर्यंत त्यांना बोलावंसं वाटेना. मग आठवण होऊन त्यांनी श्वास सोडला.

"झालं बाई," ते म्हणाले. "आलात तुम्ही यादीत."

बाईंनी दोरा दाताने तोडला आणि त्यांच्याकडे वर पाहिलं.

"मी होतेच की, भाऊ," त्या म्हणाल्या. "यादी आत्ता आली."